पाच विरुद्ध तीन एवढ्यावर निकाल नको

अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलमध्ये मोठा कोच कोण, ड्यूक विद्यापीठाचा कोच के (माइक शशेफ्स्की) की नॉर्थ कॅरोलायनाचा रॉय विल्यम्स, या वादात "कोच केच्या पाच ट्रॉफ्या (म्हणजे राष्ट्रीय विजेतेपदं), रॉय विल्यम्सच्या तीन, विषय संपला" असं म्हटलं जातं, ते मला अजिबात पटत नाही. केच्या पाचपैकी १९९१, १९९२ आणि २००१ या तीन तर रॉय कॅन्सस विद्यापीठाचा कोच असतानाच्या आहेत. रॉय २००३ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाला आला, २०२१ ला रिटायर झाला, आणि त्या काळात दोघं शेजारच्या विद्यापीठांत असताना रॉयच्या तीन (२००५, २००९, २०१७) आणि केच्या दोनच. अर्थात २००५ च्या टीममधले फेल्टन, मे, मॅकँट्स हे आधीच्या कोचने आणलेले होते हेही धरायला हवं.

तरी माझं मत कोच केलाच, पण कारण वेगळं. २०१० ला जिंकलेली ड्यूकची टीम म्हणजे तीन-चार वर्षं मुरलेली पोरं, आणि २०१५ ला त्याच माणसाने फायनल जिंकली ती पहिल्या वर्षाच्या चार मुलांवर, विस्कॉन्सिनविरुद्ध ६८ पैकी ६० पॉइंट त्या चौघांचे! नऊने मागे असताना, त्यांच्यातला ओकाफोर फाउलमध्ये अडकलेला असताना, सीझनभर बेंचवर बसलेला ग्रेसन अ‍ॅलन सलग आठ पॉइंट काढतो, एवढ्या मोठ्या मॅचमध्ये त्याच्यावर भरवसा टाकायला छाती लागते. रॉयची पद्धत मात्र शेवटपर्यंत एकच, बास्केट खाल्लं तरी बॉल उचलून पळत सुटायचं आणि टाइमआउट राखून ठेवायचे. त्या पद्धतीने २०१६ चा व्हिलानोव्हाविरुद्धचा शेवटच्या क्षणाचा पराभव पचवून पुढच्याच वर्षी ट्रॉफी आणली, ती मला त्याची सगळ्यात मोठी कामगिरी वाटते.