टीएचआर देताना बाईच्या चेहऱ्याचा फोटो: ती नाही म्हणू शकते का?

पाड्यावरची_ताई

नमस्कार. मी नंदुरबार जिल्ह्यातल्या एका पाड्यावर अंगणवाडी सेविका आहे. १९ वर्षं झाली.

घरी न्यायचा आहार, म्हणजे टीएचआर, आता सरकारच्या पोषण ट्रॅकर अ‍ॅपवर चेहरा जुळल्याशिवाय देता येत नाही. १ जुलै २०२५ पासून तशी सक्ती आहे. परवा एका बाळंतिणीकडे गेले. बाळ अकरा दिवसांचं. घरात अंधार, म्हणून तिला उठवून दारात बसवलं. पदर मागे घे, सरळ बघ, डोळे मिचकाव. चार वेळा चेहरा जुळेना. तिचं तोंड अजून सुजलेलं आणि आधारवरचा फोटो लग्नाआधीचा. पाचव्यांदा जुळला. आधी केवायसी केली तेव्हा ओटीपी नवऱ्याच्या फोनवर गेला होता आणि तो ऊसतोडीला गुजरातेत. मीच फोन लावला, "दादा, आकडे सांगा." आणि बचत गटाच्या बैठकीत बायांना मीच बजावते, ओटीपी कुणालाही सांगायचा नाही!

पाकिटं हातात घेऊन ती म्हणाली, "ताई, हा फोटो कुठं जातो?" मला सांगता आलं नाही. तेव्हापासून मन खातंय.

आमच्याकडे पहिले तीन महिने बाई दिवस गेल्याचं बोलत नाही. जिचं दोनदा पडलंय ती मला विहिरीवर एकटीला गाठते, "ताई, एवढ्यात लिहू नका." मग मी रजिस्टरात तिच्या नावापुढे पेन्सिलीनं बारीक टिंब करायची. फक्त मला कळेल असं. रजिस्टर पत्र्याच्या पेटीत, किल्ली माझ्या गळ्यात. आता नाव, आधार, चेहरा आणि गरोदरपण, सगळं एकत्र वर जातं. वर म्हणजे कुठे, कोण बघतं, मूल मोठं झाल्यावर ते पुसतात का?

बाई नाही म्हणाली तर मी अंगठा घेऊन आहार देऊ शकते का?

कायदा_वाचणारी

ताई, मी वकिली करते. आधी तुमच्या बाजूचं सांगते.

२४ ऑगस्ट २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात एकमतानं सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. सरकारला त्यात हात घालायचा तर त्याला कायद्याचा आधार हवा, रास्त हेतू हवा, आणि उपाय हेतूच्या प्रमाणात हवा. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात गरोदर आणि स्तनदा मातेला अंगणवाडीतून मोफत आहाराचा हक्क आहे. त्या कलमात चेहऱ्याची अट नाही.

दुसरी बाजू कडू आहे. सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालात सरकारी लाभासाठी आधार मागणं बहुमतानं वैध ठरलं. आणि २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात शासनाला लाभ-अनुदानासाठी माहिती वापरायला बरीच मोकळीक आहे. त्यामुळे "नाही म्हण, काही होणार नाही" असं तिला मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण पडताळणी फसली म्हणून पात्र माणसाला वंचित ठेवणार नाही, अशी ग्वाही केंद्रानं आधारच्याच खटल्यात दिली होती आणि ती निकालात नोंदली आहे. चेहरा जुळला नाही तर तारीख, वेळ, कितीदा प्रयत्न केला, हे वहीत लिहा आणि पर्यवेक्षिकेला लेखी कळवा. तोंडी नको. आहार अडला तर जिल्हा तक्रार निवारण अधिकारी, त्यावर राज्य अन्न आयोग.

सोलापूरकर

ताईंबद्दल आदर आहे, पण आमच्या भागात पटावर खोटी नावं होती हेही खरं. पाकिटं म्हशीपुढे गेलेली मी डोळ्यांनी पाहिली आहेत. फोटोनं ते थांबत असेल तर सरकारनं काय करावं?

पाड्यावरची_ताई

दादा, खोटी नावं होती, मी नाकारत नाही. माझ्याच बीटमध्ये, म्हणजे आमच्या अंगणवाड्यांच्या गटात, होती. पण ती कोण भरतं, हे पाड्यावरच्या बायांना विचारा, दहा मिनिटांत सांगतील. अन्न सुरक्षा कायद्यातच सामाजिक अंकेक्षण, म्हणजे लोकांसमोर कामाची तपासणी, आणि दक्षता समित्याही आहेत. १९ वर्षांत मी अशी एकही समिती पाड्यावर आलेली पाहिली नाही. तो रस्ता कोरडाच ठेवला आणि अकरा दिवसांच्या बाळंतिणीला दारात बसवून डोळे मिचकवायला लावलं. चोरी दुसऱ्याची आणि ओळख पटवायची हिनं? बरं, चेहरा जुळल्यावर पाकीट म्हशीला जायचं थांबतं का? फोटो तर पाकीट देतानाचा आहे, खातानाचा नाही.

२०२१ मध्ये राज्यभर सेविकांनी सरकारी मोबाईल परत केले, त्यात मीही होते. तेव्हा भांडण निकृष्ट फोनचं आणि इंग्रजी अ‍ॅपचं होतं. बायांच्या माहितीचं काय, हा प्रश्न तेव्हा आम्हालाही सुचला नाही. त्याचं वाईट वाटतं.

विदागार

मी सर्व्हरचं काम करतो. ताई, "फोटो कुठं जातो" हाच प्रश्न माहिती अधिकारात टाका. मोघम विचारू नका. चेहऱ्याची नोंद फोनमध्ये राहते की सर्व्हरवर? किती दिवस ठेवतात? लाभ संपल्यावर पुसतात का, आणि पुसल्याचा पुरावा काय? दुसऱ्या कुठल्या खात्याला देतात? दहा रुपये शुल्क, ३० दिवसांत उत्तर. दारिद्र्यरेषेखालच्या बाईनं स्वतः अर्ज केला तर शुल्कही नाही, फक्त दाखला जोडायचा.

पाड्यावरची_ताई

हे बरं सांगितलंत. अर्ज बाईच्याच नावानं करू. माझ्या नावानं केला तर मानधनावर येईल अशी भीती आहे, खोटं कशाला बोलू.

आज संध्याकाळी तिच्याकडे जाऊन आले. अर्ज वाचून दाखवला. ती म्हणाली, "कुठं जातो, ते आधी लिहा." तोच प्रश्न पहिला घातलाय. अंगठा नको म्हणाली, सही येते. बाळाला माझ्या मांडीवर दिलं आणि सावकाश, काना-मात्रा बघत, पूर्ण नाव लिहिलं.

विहिरीवर सांगणाऱ्या बाईचं काय करायचं, ते मात्र कुणी सांगितलं नाही. तिला तिसरा महिना लागलाय. अजून मी तिचं नाव अ‍ॅपमध्ये चढवलेलं नाही, आणि नाव नाही तर तिला आहारही नाही.