इजिप्त–अल्जेरिया २००९ : अवे गोल का धरला नाही?

परळचा_विंगर : रविवारी दादरला फुटबॉल क्विझ घेतोय. २०१० वर्ल्डकपची पात्रता फेरी : अल्जेरियातल्या ब्लिडात अल्जेरिया ३-१, कैरोत इजिप्त २-०. अवे गोल (परक्या मैदानावर केलेला, बरोबरी झाली तर जास्त मोलाचा) तर इजिप्तचाच होता, मग प्लेऑफ, म्हणजे वेगळा निर्णायक सामना, कशाला?

गिरगावकर : तो गट होता, दोन लेगची (एक सामना घरी, एक बाहेर) बाद फेरी नव्हे. आधी गटातले एकूण गुण, मग गोलफरक, मग केलेले गोल. दोघांचेही १३ गुण, ९ गोल केले, ४ खाल्ले. आपसातल्या दोन सामन्यांतही गोल ३-३. अवे गोलचा निकष तिथे नव्हताच, म्हणून त्रयस्थ मैदानावर प्लेऑफ : सुदानचं ओमदुरमान, १८ नोव्हेंबर. अल्जेरियाचा खेळाडू अंतर याहिया याचा एक गोल, अल्जेरिया वर्ल्डकपला. कैरोत इजिप्तला थेट जायला तीन गोलांची आघाडी हवी होती. दुसरा गोल मोतेबने ९०+५ व्या मिनिटाला (भरपाई वेळेत) मारला, नाहीतर प्लेऑफही नव्हता. काय सामना होता तो!

माहीम_डिफेन्स : उलट उदाहरणही विचारा. २०२२ च्या कतार वर्ल्डकपची पात्रता, घाना–नायजेरिया. घानातल्या कुमासीत ०-०, नायजेरियातल्या अबुजात १-१. ही बाद फेरी, त्यामुळे पार्टेच्या अवे गोलवर घाना कतारला.

गिरगावकर : आणि इजिप्तचा बदला विसरू नका. जानेवारी २०१०, आफ्रिका कप उपांत्य फेरी : इजिप्त ४-०, अल्जेरियाला तीन लाल कार्डं.