एकटी आई, आठ वर्षांची मुलगी आणि किलीबेग्ज: जावं का?

सागरवेडी
मी नर्स आहे, सध्या डब्लिनला. घटस्फोट झालाय, मुलगी आठ वर्षांची. इथलं भाडं एका पगारात झेपेना. आयर्लंडच्या वायव्येला डोनेगल काउंटीत किलीबेग्ज नावाचं मासेमारीचं बंदर आहे, तिथे एका नर्सिंग होममध्ये नोकरी मिळतेय. स्टॅम्प ४ (राहण्याची परवानगी) आहे, म्हणजे कामाच्या परमिटची कटकट नाही. मूळची रत्नागिरीची, घर मिरकरवाड्याजवळ, तेव्हा बंदर आणि मासळीचा वास मला नवा नाही. धास्ती आहे ती गावाची. सगळे एकमेकांचे चुलत-मावस असणार, त्यात मी, रंगाने वेगळी आणि नवऱ्याशिवाय. पोरीला एकटं पाडतील का? रात्रपाळीला तिला कुठे ठेवू? कोणी राहिलंय का तिकडे?

तिरफळ
मी राहते, मुलगा आणि मी. आधी नवऱ्याचा विषय. विचारतील, पण तुला नाही, तुझ्या शेजारणीला. तेव्हा एकाच बोलक्या बाईला एकदाच सांगून टाक, 'आम्ही वेगळे झालो, मुलगी माझ्याकडे असते.' दोन दिवसांत गावभर होईल आणि प्रकरण मिटेल. लपवलंस तर लोक आपापली कथा रचतात, आणि ती नेहमीच जास्त रंगतदार असते. तसं बाई एकटीने घर चालवते याचं इथे नवल नाही. बांगड्याच्या हंगामात, शरदात आणि मग जानेवारी ते मार्च, कित्येक घरांतले पुरुष बोटीवर असतात. बॉयलर बिघडो की पोराला ताप येवो, बायकाच निस्तरतात.

ओळखी कशा होतील? मयताला जा. हसू नकोस. इथे माणूस गेलं की देह बहुधा घरीच ठेवतात, त्याला वेक म्हणतात. वेळ इथल्या हायलँड रेडिओवर सांगतात. दाराबाहेर रांग असते. आत गेलं की घरच्या प्रत्येकाचा हात हातात घेऊन 'सॉरी फॉर युअर ट्रबल' एवढंच म्हणायचं, पेटीपाशी जरा थांबायचं आणि स्वयंपाकघरात सरकायचं. तिथे कोणीतरी चहा आणि सँडविच हातात कोंबतंच. मी हॅम खात नाही म्हटल्यावर एका आजीने हॅम उचललं आणि तेच सँडविच परत माझ्या हातात ठेवलं. घरी येऊन आंघोळ करायची की नाही ते तुझं तू ठरव, मी करते. शेजारच्या आजोबांच्या वेकला जाऊन आले, त्याच आठवड्यात दाराच्या कडीला बांगड्यांची पिशवी अडकवलेली. कोणी ठेवली ते अजून कळलेलं नाही. इथला हिवाळी बांगडा जाडजूड आणि चरबीचा, तिखल्यात तेल घालायची गरजच नाही.

आता रात्रपाळी. रात्रीचं पाळणाघर विसर. 'बघू, जमवू' असं म्हणणाऱ्या मॅनेजरवर विसंबू नकोस, शाळेच्या वेळेतल्या पाळ्या करारात लिहून घे, मगच सही कर. दुपारसाठी चाइल्डमाइंडर बघ. ती टुसलाकडे, म्हणजे सरकारी बालकल्याण संस्थेकडे, नोंदवलेली असेल तर सरकारी सवलत मिळते. एकट्या पालकाची करसवलत घेतली आहेस ना? ती आपोआप लागत नाही, मागावी लागते.

घर घेताना भाडं वर्षभराचं आहे का, हे पहिलं विचार. बरीच घरं सप्टेंबर ते मेपर्यंतच देतात, पुढे पर्यटकांसाठी रिकामी करायला लावतात. बाहेरच्या भिंतींना कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे दिसले तर दुसरं घर बघ. 'मायका' (अभ्रक) ब्लॉक म्हणतात त्या सदोष काँक्रीट ब्लॉकमुळे डोनेगलमध्ये हजारो घरं खचताहेत. आणि जवळच्या किलकारला स्वस्त मिळालं म्हणून हुरळू नकोस, तो गेलटाख्ट, म्हणजे आयरिश भाषेचा पट्टा, तिथली शाळा आयरिशमधून चालते.

वाटसरू
एक महत्त्वाचं. डोनेगलमध्ये रेल्वे नाही, आणि डोनेगल टाउन ते डब्लिन ही ३० नंबरची बस एनिस्किलनवरून, म्हणजे उत्तर आयर्लंडमधून जाते. आयआरपी कार्ड (आयर्लंडचं रहिवासी कार्ड) असलं तरी भारतीय पासपोर्टवर तिथे यूकेचा व्हिसा लागतो. रोज कोणी तपासत नाही, पण अधूनमधून बस थांबवतात. त्यापेक्षा बसने स्लायगोला यायचं आणि पुढे ट्रेन धरायची. गाडी हवीच. भारतीय लायसन्स इथे बदलून मिळत नाही, थिअरी, लर्नर परमिट आणि १२ तासिका कराव्याच लागतात. आजच सुरू करा.

बेरा_किनारा
मी कॅसलटाउनबेअरला होते, कॉर्कच्या टोकाला. तिरफळताईंचं सगळं खरं, पण थोडं गोड आहे. लोक मदतीला धावतात, घरी मात्र बोलावत नाहीत. वर्गातल्या मुली एकमेकींच्या आतेबहिणी निघाल्या, माझ्या लेकीला वाढदिवसाची आमंत्रणं फार उशिरा येऊ लागली. आम्हाला खरी साथ दिली ती बोटीवरच्या फिलिपिनो खलाशांच्या कुटुंबांनी. शिवाय मासेमारीचे दिवस बरे नाहीत. ब्रेक्झिटनंतर मासे पकडायचा कोटा घटला, बांगड्याचा तर आणखी कापताहेत. गावाचा मूड त्यावर चालतो.

तिरफळ
@बेरा_किनारा, आमंत्रणांचं खरं आहे. आमच्याकडे गेलिक फुटबॉलने ते सुटलं. जीएए, म्हणजे आयरिश खेळांच्या क्लबला पोरं कमीच पडतात. खेळता येत नसलं तरी घेतात.

सागरवेडी
ताई, सगळ्यांचेच आभार. पाळ्यांचं आजच मेल करते. शाळा कॅथलिक आहे म्हणतात, कम्युनियनची (त्यांच्या धर्मविधीची) सक्ती होईल का?

तिरफळ
नाही गं. ते दुसरीत असतं. मुलगी तिसरीत जाणार असेल तर ते वर्ष टळलंच. धर्माच्या तासाला बसवू नका असं लेखी दे. बाहेर वगैरे पाठवत नाहीत, मागच्या बाकावर बसून पोरं चित्रं काढतात. घर बघायला येशील तेव्हा विपू (विचारपूस) कर, भिंती मीच बघते.