सोंग घेणं की सोंग करणं? फाशांच्या एका खेळासाठी मराठी शब्द

धागा, मालवणहून

जूनमध्ये मासेमारी बंद होते, होड्या झापांनी शाकारून किनाऱ्यावर ठेवतात आणि आमच्या घरी संध्याकाळी पडवीत डाव मांडला जातो. खेळ 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. ज्यांना तो ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा हा खेळ अमेरिकेत १९७४ साली निघाला. पट असला तर असला, नसला तरी अडत नाही. प्रत्येक भिडू एक पात्र घेतो. एकजण उरलेलं सगळं जग सांभाळतो: वाटेत भेटणारा म्हातारा, गुहेतला राक्षस, अगदी पाऊससुद्धा. जिथे काय होईल हे नक्की नसतं तिथे वीस बाजूंचा फासा टाकतात.

माझ्याकडे वाडीतली सहा मुलं येतात. बोलतात मालवणीत, पात्राचा कागद मात्र इंग्रजीत. म्हणून तो कागद मी मराठीत करायला घेतला आणि पहिल्याच शब्दाला अडलो. रोलप्लेइंग. एका मित्राने 'भूमिकाभिनय' सुचवला. मला तो पटत नाही. अभिनय कुणीतरी बघावा म्हणून करतात, इथे बघणारा कुणी नसतो. भूमिकेला आधी लिहिलेली संहिता असते, इथे पुढच्या वाक्याचाही पत्ता नसतो.

मी कागदावर 'सोंग' लिहिलं. आईने ते वाचलं आणि विचारलं, "पोरांका सोंगा करूक शिकवतंस?" तिचं चुकलं असं मला म्हणता येईना. आजारपणाचं सोंग, झोपेचं सोंग; शब्दाला खोटेपणाचा वास आहेच. तर हा शब्द ठेवावा की टाकावा?

प्रतिसाद, सावंतवाडीहून

ठेवा. पण सोबतचं क्रियापद सांभाळा. तुमच्या आईंनी 'सोंगा करूक' म्हटलं, तिथेच सगळं आलं.

सोंग करणं म्हणजे ढोंग. 'सोंगा करू नको, गप जेव' असं आपल्याकडे दर घरात ऐकू येतं. सोंग आणणं म्हणजे नसलेली गोष्ट असल्याचं भासवणं. 'सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही' ही म्हण त्यातलीच. पण सोंग घेणं यात फसवणूक नाही, कारण समोरच्याला माहीत असतं. जत्रेत रात्री दशावतारी राजाचं सोंग घेऊन येतो तेव्हा तो शेजारच्या गावातला शेतकरी आहे हे मांडावरच्या प्रत्येकाला ठाऊक असतं, तरी लोक हात जोडतात. आणि सोंग वठणं ही तर दाद. 'राजाचा सोंग बरा वठला' म्हणजे घेणाऱ्याने काम चोख केलं.

तुमच्या खेळाला दशावतार किती जवळचा आहे हेही सांगतो. दशावतारी नाटकाला लिहिलेले संवाद नसतात. आख्यान कुठलं, कोण कुणानंतर येणार, युद्ध कधी, एवढंच रंगपटात जाणता माणूस सांगतो. बाकी सगळं उभ्याउभ्या सुचतं. समोरच्या नटाने अडचणीचा प्रश्न टाकला तर त्याच क्षणी, त्या सोंगाला शोभेल असं उत्तर द्यावं लागतं. राजाने राजासारखं बोलायचं, राक्षसाने राक्षसासारखं. हेच ना तुमचं रोलप्लेइंग? फरक एवढाच की दशावतारात शब्द मोकळे आणि शेवट ठरलेला, असुर मरणारच. तुमच्याकडे शेवटही मोकळा.

प्रतिसाद, संगमेश्वरहून

आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात नमन-खेळे असतात, त्यातला 'खेळे' हा शब्द इथे मांडावासा वाटतो. 'गावात खेळे आले' म्हणजे माणसं आली. 'आज खेळे आहेत' म्हणजे कार्यक्रम आहे. खेळणारा आणि खेळ एकाच शब्दात. तुमच्या भिडूंना 'खेळे' म्हणा. 'खेळाडू' म्हटलं की डोळ्यांपुढे कबड्डी येते आणि 'कलाकार' म्हटलं की रंगमंच. शिमग्यात संकासुर दारात आला की लहान पोरं किंचाळत पळतात आणि लगेच त्याच्याच मागे धावतात. ती भीती खरी असते आणि खेळातलीही असते. त्या दोन्ही गोष्टी 'खेळे' शब्दात मला ऐकू येतात.

धागाकर्ता

'खेळे' घेतला. 'सोंग घेणं'ही घेतलं, आणि आईला क्रियापदांचा फरक वाचून दाखवला. ती म्हणाली, "घेतलंस तर उतरवक पण शिकव." सोंग उतरवणं! डाव संपल्यावर राग मनात घेऊन घरी जाऊ नये, हे मी मुलांना वर्षभर लांबलचक वाक्यांत सांगत होतो. आता पहिल्या पानावर 'सोंग घ्या' आणि शेवटच्या पानावर 'सोंग उतरवा' असं येईल.

पुढची अडचण फाशांची. इंग्रजीत रोल हाच शब्द टाकण्यालाही आणि पडलेल्या आकड्यालाही. मी दोन्हीकडे 'फेक' लिहिलं आहे, वाचताना दगडफेक वाटते.

प्रतिसाद, चिपळूणहून

फेक काढून टाका. सारीपाटाने ही सोय कधीच करून ठेवली आहे. फासा टाकायचा, दान पडतं. टाकणं माणसाच्या हातात, पडणं नाही. 'मला सतराचं दान पडलं' हे वाक्य शंभर वर्षांपूर्वीच्या आजोबांनाही कळलं असतं. फासा सहा बाजूंचाच हवा असंही नाही. सारीपाटाचे फासे लांबट, चार बाजूंचे असत आणि त्यांवर एक, दोन, पाच, सहा एवढेच आकडे. तेव्हा चार, आठ, दहा, बारा, वीस बाजूंच्या तुमच्या ठोकळ्यांना बिनदिक्कत फासे म्हणा.

विसाच्या दानाला मात्र 'पौबारा' म्हणायचा मोह आवरा. तीन फाशांवर सहा, सहा आणि एक पडले की पौबारा, म्हणजे खेळातलं मोठं दान. पण आज 'चोराने पोबारा केला' म्हटलं की पळून जाणंच आठवतं. राक्षसावर शेवटचा घाव घालताना 'पौबारा!' ओरडलात तर नवा भिडू पळ काढेल. 'विसाचं दान' पुरे.

प्रतिसाद, कुडाळहून

काका, दान अगदी बरोबर. त्याला जोडून माझं एक. पाचव्या आवृत्तीत, म्हणजे २०१४ पासून, ॲडव्हान्टेज आणि डिसॲडव्हान्टेज आले. परिस्थिती अनुकूल असेल तर दोन फासे टाकून मोठा आकडा धरायचा, प्रतिकूल असेल तर लहान. याला 'अनुकूलता-प्रतिकूलता' नको. 'उजवं दान' आणि 'डावं दान' म्हणा. उजवा म्हणजे सरस, डावा म्हणजे उणा, हे मराठीत आहेच. शिवाय आपल्याकडे देवळात कौल लावतात तेव्हा उजवीकडचा कळा, म्हणजे देवाला चिकटवलेली कळी, पडला तर होकार, डावीकडचा पडला तर नकार. मुलांना समजावून सांगावं लागणार नाही. उजव्या दानाचा फायदाही मोठा: एका फाशावर वीस पडण्याची शक्यता शेकडा पाच, दोहोंपैकी एकावर तरी पडण्याची शेकडा पावणेदहा.

फक्त 'कौल' हा शब्द फाशांना लावू नका. तो देवापुढचा आहे, लोक त्यावर लग्न ठरवतात, जमिनीचे निर्णय घेतात. उजवं-डावं आपण उसनं घेऊ, कौल तिथेच राहू दे.

याच विचाराने आणखी एक विनंती. राक्षसांच्या यादीत हडळ, खवीस, चकवा हवे तेवढे घाला. चकवा तर रानात वाट चुकवायला किती छान आहे. पण गाव राखणाऱ्या देवचार आणि राखणदार यांना मारायचा प्राणी करू नका. माझ्या माहेरी आजही राखणदाराला वर्षाचं देणं देतात. खेळात तो भेटलाच तर मुलांनी गाऱ्हाणं घालावं, तलवार उपसू नये. सोंगातलं बोलणं शिकवायला गाऱ्हाण्यासारखी जागा नाही. एकाने मागणं मांडायचं आणि बाकीच्यांनी 'व्हय महाराजा' म्हणायचं.

धागाकर्ता

ताई, राखणदाराला मी यादीत घातलं होतं. आत्ताच काढलं.

आता हिट पॉइंट्स, म्हणजे पात्र किती मारा सोसेल तो आकडा. मुलं 'लाइफ' म्हणतात, मी 'जीव' लिहिलं. 'माझे बारा जीव उरले' हे ऐकायला विचित्र लागतं.

प्रतिसाद, देवगडहून

विचित्र लागतं कारण अर्थही तसा नाही. हिट पॉइंट्स आर्नेसनने आरमारी लढायांच्या खेळांतून आणले. जहाज एका गोळ्याने बुडत नाही, किती मारा सोसेल याचा हिशोब ठेवावा लागतो; तोच हिशोब त्याने माणसाला लावला. गायगॅक्सने १९७९ च्या पुस्तकात हेही सांगितलं आहे की हा आकडा म्हणजे नुसत्या जखमा नव्हेत. त्यात कसब आलं, नशीब आलं, दमसास आला. म्हणजे 'जीव' अपुरा पडतो.

माझे वडील मच्छीमार. वादळातून परत आलेल्या होडीबद्दल ते म्हणायचे, तिने तग धरला. 'तग' घ्या. 'तग बारा उरला', 'तग संपला', 'विश्रांतीने तग भरून आला'. शब्द दोन अक्षरी आहे, कागदावरच्या छोट्या चौकटीत बसेल. जहाजाकडून माणसाकडे आलेली गोष्ट आपल्या किनाऱ्यावर परत होडीच्या शब्दात गेली याचा मला फार आनंद वाटतो. सेव्हिंग थ्रोलाही याच घरातला शब्द आहे: 'सावरायचं दान'. विष, शाप, आगीचा लोळ आला की सावरायचं दान टाका.

प्रतिसाद, सावंतवाडीहून

दान टाकत नाहीत, फासा टाकतात.

प्रतिसाद, देवगडहून

खरं आहे. 'सावरण्यासाठी फासा टाका.'

प्रतिसाद, रत्नागिरीहून

डावपेचांचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. प्रत्येक लपून केलेल्या हल्ल्याला 'गनिमी कावा' म्हणू नका. कावा ही सबंध मोहिमेची चाल, एका झुडपामागे बसणं म्हणजे दबा धरणं. शत्रूच्या दोन्ही बाजूंनी दोन खेळे उभे राहिले की 'कैचीत धरला' म्हणा. लढाईतून पाठ फिरवून निघालेल्यावर जो फुकटचा वार मिळतो तो 'आयता घाव'. इनिशिएटिव्हला, म्हणजे लढाईत कुणी आधी खेळायचं त्या क्रमाला, 'पाळी' बस्स आहे. 'मान' असं कुणी सुचवेल, पण पालखीतला मान घराण्याने येतो, इथे तो फासा ठरवतो. आणि दर चालीला पुस्तक उघडून वाद घालणारा एक भिडू सगळीकडे असतो. तो 'नियमावर बोट ठेवणारा'. आमच्याकडे ते काम मीच मनापासून करतो. नियम सगळ्यांना सारखे लागले नाहीत तर धाकट्यांवर अन्याय होतो.

धागाकर्ता

काल रात्री नवा कागद घेऊन पहिला डाव झाला. धाकटीने तांडेलाचं सोंग घेतलं होतं. तिचा तग तीनवर आला, कैचीत सापडली, सावरायला फासा टाकला आणि डावं दान पडलं, चार. कुणीही एक शब्द विचारला नाही की याचा अर्थ काय. ती नुसती म्हणाली, "होडी सोडूचंय नाय," आणि सगळे गप्प झाले. आई दारात उभी राहून ऐकत होती. म्हणाली, "बरा वठला."

एक शब्द अजून राहिला आहे. डंजनला 'भुयार' लिहू की 'तळघर'? मुलं दोन्ही म्हणतायत.

प्रतिसाद, चिपळूणहून

खाली उतरून तिथेच थांबायचं असेल तर तळघर. पलीकडे कुठेतरी निघायचं असेल तर भुयार.