सिडनी पॉइटिएनं दिग्दर्शनापायी दहा वर्षं वाया घालवली का?

तिसरी घंटा
परवा गप्पांत एक मित्र म्हणाला, "हॉलिवूडचा पॉइटिए नट म्हणून थोर, पण दिग्दर्शनाच्या नादी लागला नि संपला." मला हे बिलकूल पटलेलं नाही, म्हणून हा धागा.

१९७७ नंतर थेट १९८८ पर्यंत तो सिनेमात दिसलाच नाही, हे खरं. पण त्याआधी काय करत होता? १९६४ साली प्रमुख भूमिकेचं ऑस्कर, असं मिळालेला पहिला कृष्णवर्णीय नट. १९६७ मध्ये तीन तुफान चाललेले सिनेमे: एकात शिक्षक, एकात पोलीस अधिकारी, एकात डॉक्टर. तिन्ही ठिकाणी हुशार, निष्कलंक आणि गोऱ्यांच्या घोळक्यात एकटा. त्याच वर्षी क्लिफर्ड मेसन या कृष्णवर्णीय नाटककारानं न्यूयॉर्क टाइम्समध्ये खडा सवाल टाकला, की गोऱ्या अमेरिकेला हा माणूस एवढा का आवडतो?

याचं उत्तर त्यानं दिग्दर्शक होऊन दिलं असं मला वाटतं. 'अपटाउन सॅटरडे नाइट' (१९७४) मध्ये तो साधा कामगार आहे. मित्राबरोबर चोरट्या क्लबात जातो, तिथं दरोडा पडतो, पाकीट जातं, आणि नंतर कळतं की त्यात ५० हजार डॉलरचं लॉटरीचं तिकीट होतं! गायक-नट हॅरी बेलाफाँटे गालात बोळे कोंबून ब्रँडोच्या 'गॉडफादर'ची टर उडवतो. दुसऱ्या कुणी पॉइटिएला इतकं बावळट होऊ दिलं असतं?

कॅमेरावाला
हेतू मान्य, सिनेमे अमान्य. माणसं ओळीनं उभी करायची नि समोर कॅमेरा लावायचा, याला चित्रित नाटक म्हणतात. त्यानं दिग्दर्शित केलेला 'स्टर क्रेझी' (१९८०) हा कृष्णवर्णीय दिग्दर्शकाचा १० कोटी डॉलरच्या पुढे गेलेला पहिला सिनेमा, पण लोक रिचर्ड प्रायर आणि जीन वाइल्डर या विनोदी नटांना बघायला गेले होते. शंका असेल तर त्याचाच 'घोस्ट डॅड' (१९९०) शेवटपर्यंत बघून दाखवा. मी दोनदा झोपलो.

तिसरी घंटा
'घोस्ट डॅड'चं वकीलपत्र मी घेतलेलं नाही. :) पण 'स्टर क्रेझी'त दोघांना पहिल्यांदा तुरुंगात आणतात तो प्रसंग आठवा. आतून टरकलेला प्रायर खांदे उडवत गुंडासारखा चालायला लागतो, आणि वाइल्डर जीव तोडून त्याची नक्कल करतो. तिथं कॅमेरा करामती करायला गेला असता तर हसूच मेलं असतं. कधी गप्प बसायचं हे नटाला कळतं.

विंगेतून
तुम्ही दोघं रंगभूमी विसरताय. न्यूयॉर्कमधल्या हार्लेमच्या अमेरिकन निग्रो थिएटरनं या पोराला आधी हाकललं होतं, कारण बहामाचा हेल आणि अडखळतं वाचन. यानं रेडिओ ऐकून उच्चार घासले आणि झाडलोटीच्या बदल्यात तिथंच शिकला. १९५९ मध्ये ब्रॉडवेवर 'अ रेझिन इन द सन' हे नाटक करताना त्याचा आग्रह काय, तर ते मुलाच्या, म्हणजे तो करत होता त्या पात्राच्या नजरेतून दिसायला हवं, आईच्या नाही. लेखिका लोरेन हॅन्सबेरीला ते मान्य नव्हतं. दिग्दर्शनाचा किडा तेव्हापासूनचा. 'बक अँड द प्रीचर' (१९७२) चा मूळ दिग्दर्शक थोड्याच दिवसांत बाजूला झाला आणि सूत्रं याच्याकडे आली, एवढंच निमित्त.

कॅमेरावाला
बरं, रंगभूमीवर या. त्याच 'रेझिन'मध्ये असागाई या पात्राचं काम करणारा आयव्हन डिक्सनही पुढे दिग्दर्शक झाला. १९७३ मध्ये त्यानं 'द स्पूक हू सॅट बाय द डोअर' काढला: सीआयएनं तयार केलेला कृष्णवर्णीय माणूस तेच शिक्षण वापरून बंड उभारतो. आपल्याकडे दलित पँथर नुकतीच उभी राहिली होती, नावही तिकडच्या 'ब्लॅक पँथर'वरूनच घेतलेलं. तो काळ असा पेटलेला, आणि पॉइटिएसाहेब लॉटरीचं तिकीट शोधतायत!

विंगेतून
त्या सिनेमाचं काय झालं तेही लिहा की. थिएटरांतून लवकरच उतरवला. डिक्सननं नंतर बहुतेक काळ टीव्ही मालिकांचे भाग दिग्दर्शित केले.

कॅमेरावाला
म्हणजे भ्यायला हवं होतं?

तिसरी घंटा
नाही हो. पण पॉइटिएनं नऊ सिनेमे काढले, आणि 'बक'मध्ये मुक्त झालेल्या गुलामांचा तांडा पश्चिमेला निघालाय, मागे त्यांना पुन्हा मळ्यांवर ओढायला आलेले गोरे. हेही १९७२ चंच. शनिवारी पुन्हा बघतोय, बघून लिहितो. 'घोस्ट डॅड' तुम्ही बघा.