आबाच्या कॅम्पातल्या दोस्ताचा पत्ता कसा काढू? (७१ची लढाई)

मेहकरवाला

राम राम मंडळी. आमचं गाव मेहकर तालुक्यात, आबा महार रेजिमेंटमधून रिटायर. ७१च्या लढाईत ते पाकिस्तानात कैद झालते, लायलपूरच्या जेलात होते, आता फैसलाबाद म्हणतात त्याले, अन् १ डिसेंबर १९७२ ले वाघा बॉर्डरवरून वापस आले. घरात सर्वायले एवढंच माहीत हाये, याच्या पुढं आबा तोंड उघडत नाही. वापस आले तवा इकडं बहात्तरचा दुष्काळ, आजी खडी फोडायले जाये, घरात लाल मिलो ज्वारीच्या भाकरी. एकदाच म्हणले होते का तिकडं कैदेत रोटी तरी टायमावर भेटे, अन् आजी दोन दिवस बोलली नाई त्यायच्याशी.

आता दिवाळीच्या साफसफाईत पत्र्याची पेटी उघडली तं आजीले आलेलं रेडक्रॉसचं कार्ड सापडलं अन् त्याच्यात घडी घातलेला एक कागद. एका सरदारजीचं नाव, फौजेचा नंबर, १५ पंजाब ही पलटण अन् जिल्हा गुरदासपूर, सगळं एबीसीडीत लिहेल. गावाचं नाव वाळवीनं खाल्लं. आबानं कागद हातात घेतला, म्हणे हा हुसैनीवाल्याले, पंजाबच्या बॉर्डरवर, पकडला होता, माह्या बाजूले झोपे. मंग म्हणे, "जिता असन काय बे हा?" अन् उठून वावरात निंघून गेले, जेवले बी नाई.

मले त्या सरदारजीचा पत्ता काढाचा हाये. पंजाबच्या एखाद्या फेसबुक ग्रुपवर कागदाचा फोटो टाकू का? का दुसरा काही रस्ता हाये?

माजी सुभेदार, अकोला

फोटो अजिबात टाकू नको बेटा. नंबर, नाव, युनिट असं उघड्यावर टाकत नसतात, पेन्शनवाल्यांना फसवणारे तेच शोधत फिरतात.

नंबर आहे ना, मग अर्धं काम झालं समज. पंजाब रेजिमेंटचं सेंटर झारखंडात रामगडला, त्यांचं रेकॉर्ड ऑफिसही तिथंच. जवानाची पेन्शन असो का मागं बायकोची फॅमिली पेन्शन, कागद रेकॉर्डला असतात. पण पत्ता द्या म्हणून लिहू नको, परक्या माणसाला ते देणार नाहीत अन् देऊही नये. आबांचं पत्र वेगळ्या पाकिटात बंद कर, त्यावर तिकीट लाव, अन् वरून एक अर्ज जोड की कृपया हे त्यांच्याकडे पुढे पाठवा. अर्जात आबांचा स्वतःचा नंबर, रँक, युनिट, पीपीओ (पेन्शनच्या आदेशाचा) नंबर लिही, डिस्चार्ज बुकाची झेरॉक्स लाव. फौजी फौजीला शोधतोय हे बाबूला पहिल्या ओळीत दिसलं पाहिजे, नाहीतर फाइल खाली जाते. शिवाय बुलढाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन सांग, त्यांच्यामार्फत गुरदासपूरच्या तसल्याच ऑफिसला विचारता येतं. दोन्ही दरवाजे ठोठाव.

मेहकरवाला

धन्यवाद काकाजी. पण आबा लिवाले तयारच नाही. मीच त्यायच्या नावानं टाइप करून टाकू का?

वाशिमची सून

नको ना भाऊ, असं नका करू. आमच्याकडे झालेलं सांगते. माझे मामाजी, म्हणजे सासरे, पण त्याच कैदेत होते, २००४ मध्ये हिमाचलमधून त्यांच्या सोबतीचं पत्र आलं, तो पण असाच कुठून कुठून विचारत आमच्या गावापर्यंत पोचला होता. मामाजींनी वाचलं अन् उशीखाली ठेवून दिलं. आम्ही सगळे मागे लागलो, लिहा ना लिहा ना, मी तर उत्तराचा मजकूरच तयार करून दिला, तर माझ्यावर एवढे चिडले की बस. साताठ महिन्यांनी एका दुपारी स्वतःच पेन मागितला.

मग पाच-सहा वर्षं चालली पत्रं. मला वाटायचं काय काय लिहीत असतील, तर सगळं कापसाचा भाव, सफरचंदाचा भाव, गुडघे, पाऊस. कैदेबद्दल अक्षर नाही. एकदाच त्यांचं आलं होतं, "वो तवेवाला याद है?" एवढंच, पुढे लगेच नातीचं लग्न. मामाजी ते वाचून इतके हसले की ठसका लागला, पाणी द्यावं लागलं. तवेवाला कोण ते आम्हाला शेवटपर्यंत सांगितलं नाही.

शेवटचं कार्ड कोपरा फाडलेलं, म्हणजे मयतीचं, आलं. पोस्टमन शहाणा, त्यानं ते मामाजींच्या हातात न देता माझ्याकडे आणून दिलं. संध्याकाळपर्यंत पदरात घेऊन फिरले मी. म्हणून म्हणते, पेन अन् कागद त्यांच्या खाटेजवळ ठेवा अन् तुम्ही बाजूला व्हा.

पोस्टात ३४ वर्षं

ताई, कोपरा फाटलेली कार्डं मी किती वाटली असतील त्याचा हिशोब नाही.

मेहकरवाले भाऊ, दोन गोष्टी. रजिस्टर पोस्ट आता वेगळं राहिलं नाही, २०२५ मध्ये स्पीड पोस्टातच गेलं, तर रामगडचं पाकीट स्पीड पोस्टानं टाका म्हणजे पोचल्याचं कळेल. दुसरं, आबांना मराठी-हिंदीचं टेन्शन देऊ नका. फौजेत तेव्हा रोमन हिंदी चालायची, इंग्रजी अक्षरात हिंदी, म्हणून तर तुमचा कागद एबीसीडीत आहे. सरदारजी गुरमुखीवाले, आबा बाळबोधवाले, दोघांची मधली लिपी तीच.

अन् ते आजीचं कार्ड जपून ठेवा. कैद्याला महिन्याला कमीत कमी दोन पत्रं अन् चार कार्डं लिहू द्यायची, तीही बिनातिकिटाची, असं १९४९च्या जिनिव्हा करारात आहे.

मेहकरवाला

दादा, करारात असन, पण आजी म्हणते अख्ख्या वर्षात तिले तीनच कार्डं भेटले, अन् तिन्हीत "मी खुशाल आहे" येवढंच.

बाकी ताईचं आयकलं. आंतरदेशीय अन् पेन खाटेवर ठेवून दिला, काही बोललो नाई. आज अकराव्या दिवशी आबानं लिवलं. हात कापते त्यायचा, मोठे मोठे एबीसीडीचे अक्षर, पाऊन पान. मी डोकावलो तं म्हणे, "तुह्यं काय काम हाये इथं?" आंतरदेशीयले गोंद असूनबी भाताचं शीत लावून चिकटवलं, वरून गाडगं ठेवलं वाळाले.

काकाजी, डिस्चार्ज बुकाची झेरॉक्स साधी चालते का सही-शिक्का लागते? उद्या बाजाराचा दिवस हाये, मेहकरले जातोच हावो.

माजी सुभेदार, अकोला

साधी लाव, खाली आबांची सही घे. अन् अर्जावर तुझा मोबाइल नंबर टाक, आबांचा नको, अचानक फोन आला तर म्हातारा माणूस घाबरतो.