सहा एकरांत आठ घरांची वस्ती: मातीची घरं, बोअर नाही. काळ्या जमिनीत कुठे फसू?

नवी_वस्ती
वर्धा जिल्ह्यात ६ एकर जिरायत पाहिली आहे. ४ एकर काळी, वरच्या धुऱ्याकडे (बांधाकडे) २ एकर बरड, म्हणजे हलकी मुरमाड. आठ कुटुंबं, तीसेक माणसं. मातीच्या भिंती, वर कवेलू (कौलं), पावसाचं पाणी, पाणी न ओतता वापरायचे कोरडे संडास असा बेत आहे. शेत जवळ पडावं म्हणून नकाशात घरं काळीत, विहिरीला लागून दाखवली आहेत. खरेदी अजून व्हायची आहे.

बरडीवर
नकाशा बदला भाऊ, घरं बरडीवर न्या. काळी पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पाया तिच्यासोबत वरखाली होतो आणि एप्रिल-मेमध्ये खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी चीर जाते. वरून कितीही लिंपा, ती पुन्हा उघडते. एखादं घर काळीतच घ्यावं लागलं तर मुरूम लागेपर्यंत खणा आणि पायाच्या बाजूनं मुरूमच भरा, निघालेली काळी परत टाकू नका. भोवती ३ फूट रुंद, बाहेर उतार असलेली फरसबंदी हवी. भिंतीजवळ मोठं झाड नको, ते पायाखालची ओल ओढतं.

भिंतीलाही काळी चालत नाही, सुकताना तडकते. जुन्या पडक्या घरांची पांढरी माती मिळाली तर सोनं. ती कुटार (भुसा) घालून ३-४ दिवस भिजवा, रोज तुडवा. भिंत दीड फूट जाड. दीड फुटाचा एक थर चढवला की तो कडक होईपर्यंत थांबा. घाई केली की खालचा थर पोट काढतो. जोतं किमान २ फूट, छपराची वळचण अडीच-तीन फूट बाहेर. सेवाग्राम आश्रमातल्या मातीच्या भिंती १९३० च्या दशकापासून उभ्या आहेत. तिथल्या वळचणी नीट बघून या.

सातबारा
आधी कागद. विदर्भाला १९५८ चा वेगळा कुळकायदा आहे. त्याच्या कलम ८९ मुळे बिगरशेतकऱ्याला शेतजमीन सरळ घेता येत नाही. आठही जणांचे शेतकरी असल्याचे पुरावे तपासा. सातबाऱ्यावर भोगवटदार वर्ग २ (विकायला सरकारी परवानगी लागते अशी जमीन) किंवा आदिवासी खातेदार असेल तर परवानगीशिवाय इसार देऊ नका. गाव नकाशात पांदण (शेतरस्ता) दिसते का तेही पाहा.

दुसरी गाठ वाटणीची. ६ एकर म्हणजे २४० गुंठे, घरटी ३०. निम्मी जमीन सामाईक ठेवली तर प्रत्येकाकडे १५ उरतात, आणि जिरायतीत २० गुंठ्यांखालचा तुकडा वेगळा विकताना तुकडेबंदी कायदा आडवा येतो. कोणी सोडून गेला तर त्याचा हिस्सा कोण, किती दरानं घेणार हे आजच लिहून ठेवा. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखानं २०१३ साली ग्रामदान केलं, म्हणजे जमीन ग्रामसभेच्या नावे केली, पण ते आधीच वसलेल्या गावानं. नव्या वस्तीला तो रस्ता नाही.

राखड
पिण्या-रांधण्याला माणशी रोज १० लिटर धरा. चौघांच्या घराला पावसाळा संपल्यापासून पुढचा येईपर्यंत २४० दिवसांचे ९,६०० लिटर होतात. ६० चौरस मीटर छपरावर ७०० मिलिमीटर पाऊस पडला तरी वाया जाणारं सोडून ३० हजार लिटर मिळतं. म्हणून घरटी १० हजारांची झाकलेली टाकी पुरे. पहिल्या दोन पावसांचं पाणी बाहेर सोडा, कवेलूवर पाखरांची विष्ठा असते.

कोरडा संडास बहुतेकदा एकाच कारणानं बिघडतो: धुण्याचं पाणी खड्ड्यात जातं. मग वास येतो, अळ्या होतात. बसायच्या जागेच्या मागं फूटभर अंतरावर धुण्याची वेगळी जागा करा, तिचं पाणी कर्दळीच्या वाफ्यात न्या. दोन कप्पे, जमिनीच्या वर बांधलेले. दर वेळी ओंजळभर राखड. भरलेला कप्पा वर्षभर बंद.

नवी_वस्ती
घरं बरडीवर नेतो. दिवाळीनंतर लगेच जोतं काढलं तर?

बरडीवर
एक पावसाळा जाऊ द्या. बरडीवरही पाणी वाहायच्या वाटा असतात. आठही जागांवर खुंट्या ठोका आणि मोठ्या सरीनंतर तासाभरानं जाऊन बघा. ज्या खुंटीच्या बुडाशी गाळ बसला किंवा घळ पडली, तिथलं घर दहा-पंधरा पावलं सरकवा.